शेपटीचा गुलगुला

उत्तमरावाचा वाढदिवस एक जूनला येतो, याचं वडनेर भोलजीत कोणालाच कौतुक नव्हतं. अर्ध्या गावाचा वाढदिवस एक जूनलाच होता. पोरगं शाळेत घालायला नेलं आणि बापाला तारीख सांगता आली नाही, की मास्तर आपल्या मनानं एक जून टाकून मोकळे व्हायचे. त्या दिवशी कोणी कोणाला ओवाळत नसे की गोडधोड करत नसे. ऊन मी म्हणत असायचं, वावरात काडीकचरा वेचणं चालू असायचं आणि घराघरातल्या खाटांवर कुरड्या वाळत पडलेल्या असायच्या. अशा दिवसांत वाढदिवस करायचा, आणि तोही केक कापून, ही टूम अकोल्याहून आली. आणली शालूनं.

शालू म्हणजे उत्तमरावाची बायको. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. माहेर अकोल्याचं, मॅट्रिक झालेली, शिवणाच्या क्लासला गेलेली, बोलताना 'मले-तुले' नव्हे तर 'मला' आणि 'तुला' म्हणणारी. उत्तमराव मलकापूरला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होता आणि दोघं तिथल्याच चाळीत राहत. मे महिन्यात शालू कुरड्या-शेवयांना हातभार लावायला म्हणून गावी आली, ती वच्छलाबाईंच्या छातीवरच येऊन बसली. म्हणजे खरं तर ती बिचारी खाटेच्या काठावर बसून कुरड्या उलटवत होती. पण वच्छलाबाईंना ती छातीवर बसल्यासारखी वाटत होती, त्याला कोण काय करणार?

वच्छलाबाई तिची मोठी जाऊ. हिंमतरावांची बायको होऊन या घरात आल्या तेव्हा उत्तम हा एवढासा, शर्टाच्या बाहीला नाक पुसणारा. सासू वर्षाच्या आत गेली आणि ते पोरगं आयतंच पदरात पडलं. वच्छलाबाई तेव्हा स्वतःच परकर सोडून लुगड्यात आलेल्या. त्यांनी त्याला न्हाऊमाखू घातलं, पाठीत धपाटे घातले, गोवर आला तेव्हा उशाशी बसून राहिल्या. पुढे त्यांना लेक झाली, ती वाढली, सोनाळ्याला दिलीही. पण पहिलं लेकरू उत्तमच, हे त्यांनी मनात धरून ठेवलेलं होतं.

आणि त्या दोघांमध्ये एक गोष्ट होती. रोडगा.

उत्तम शाळेतून यायच्या वेळेला वच्छलाबाई मागच्या अंगणातल्या चुलीच्या राखेत कणकेचा एक गोळा पुरून ठेवत. गोळ्याच्या पोटात गुळाचा खडा. पोरगं आलं की पाटी फेकायचं, काडीनं राख उकरायचं, रोडगा बाहेर काढून फडक्यात झटकायचं आणि त्याच्यावर बुक्की मारायचं. रोडगा फुटायचा, आतला पाघळलेला गूळ बोटांवर यायचा, चटका बसायचा, आणि पोरगं हसायचं. नोकरी लागली तरी हे सुटलं नव्हतं. शनिवारच्या एसटीनं यायचा, पायातली चप्पल न काढता मागच्या अंगणात जायचा आणि इस्त्रीच्या पँटीत उकिडवा बसून राख उकरायचा. मिशी फुटलेला बाप्या! वच्छलाबाईंना त्या शनिवारांसाठी आठवडा ढकलता यायचा.

लग्न झालं आणि शनिवार संपले. एसटी येत होती, उत्तम येत नव्हता. आला तर शालू बरोबर असायची आणि तिच्यादेखत राखेत हात घालायची त्याला लाज वाटत असावी. वच्छलाबाई राखेकडे बघत, आणि मग शालूच्या हातातल्या काकणांकडे बघत. त्यांना जळजळ व्हायची. पोटातली नव्हे, मनातली. ही पोरगी काही वाईट वागत नव्हती, हेच जास्त खुपत होतं. भांडखोर असती तर चार शब्द सुनावून मन मोकळं तरी झालं असतं.

तर अशा एका सकाळी खाटेवर कुरड्या घालता घालता शालूनं विषय काढला.

"बाई, एक जूनला हे येतायत. रजा मिळाली. मी केक करीन म्हणते."

"म्हंजे पाव?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"पावापेक्षा गोड आणि मऊ. अंडं नको, दही-सोड्यावर फुगतो. आमच्या क्लासला एका बाईनं कलिंगडाच्या फोडीसारखा केक केला होता. इतका हुबेहूब, की त्यांचा मुलगा बिया थुंकायला गेला." शालू हसली. "तसा काहीतरी करायचाय. ह्यांना लहानपणी जे खूप आवडायचं ना खायला, अगदी तस्सा दिसणारा. त्यांना कितीदा विचारलं, तर नुसते हसतात. तुम्हीच सांगा. तुमच्याशिवाय कोणाला माहीत असणार?"

रोडगा हा शब्द वच्छलाबाईंच्या दातांपर्यंत आला.

त्यानं सांगितलं नाही! पहिल्यांदा त्यांना एवढंच कळलं आणि आत कुठेतरी दिवा लागल्यासारखं झालं. बायकोनं विचारलं आणि तो नुसता हसला. म्हणजे ते त्यानं राखून ठेवलंय. आपल्या दोघांचं म्हणून. आणि आता ही मैदा घेऊन बसणार, साखर घेऊन बसणार, मऊ-मऊ रोडगा करणार, आणि तो हिच्या पुढ्यात बसून त्याच्यावर बुक्की मारणार. पोरगं घेतलं, शनिवार घेतले, आता एवढं एक राहिलंय तेही पाटावर मांडून द्यायचं की काय?

वच्छलाबाईंनी तो शब्द गिळला.

"गुलगुले," त्या म्हणाल्या.

"गुलगुले?"

"हाव. लय आवडे त्याले. जीव टाके गुलगुल्यावर."

आता ही थाप कशी होती ते सांगायला हवं. शेजारच्या मनकर्णाबाईंच्या घरी एकदा गुलगुल्यांचं पातेलं भरून ठेवलेलं होतं. उत्तम सात-आठ वर्षांचा असेल, त्यानं मागच्या दारानं शिरून ते सगळं चोरून खाल्लं. मग दोन दिवस ओकला. खाटेवर ओकला, अंगणात ओकला, वच्छलाबाईंच्या नव्या लुगड्यावर ओकला. त्या दिवसापासून गुळाची कणीक तळल्याचा वास आला की तो घरातून उठून जायचा. वच्छलाबाईंनी त्या घरात पुन्हा गुलगुले तळले नाहीत. हिंमतराव असल्या गोष्टी लक्षात ठेवणाऱ्यांतले नव्हते आणि मनकर्णाबाईंना पातेलं कोणी रिकामं केलं हे कधी कळलंच नव्हतं. मांजरावर आळ गेला होता. म्हणजे उत्तमला गुलगुले चालत नाहीत हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, एक त्याला आणि एक वच्छलाबाईंना. जगात एवढे पदार्थ असताना त्यांच्या तोंडून नेमका तोच निघाला. आपोआप निघाला, असं त्या स्वतःला सांगत राहिल्या.

थाप मारणं सोपं असतं. पुढचं निस्तरणं कठीण. शालू होती क्लास शिकलेली. तिला सगळं नीट हवं.

"रंग कसा असायचा? लालसर की काळपट?"

"लालसर."

"वर खसखस?"

"असे थोडी."

"आणि अगदी गोल?"

वच्छलाबाईंच्या डोळ्यांपुढे ते गुलगुले आले. कुठून येणार होते? त्या दोन दिवसांतले, लुगड्यावरचे. मनकर्णाबाईंच्या हाताला भारी घाई. पीठ तेलात सोडताना धार तुटेपर्यंत त्या थांबतच नसत, म्हणून त्यांच्या प्रत्येक गुलगुल्याला बारीक शेपूट असायचं.

"शेपूट असे," वच्छलाबाई बोलून गेल्या.

"शेपूट! किती गोड!" शालूनं टाळी वाजवली.

नमुना पाहिजे म्हणून वच्छलाबाईंना तळायलाही बसावं लागलं. इतक्या वर्षांनी घरात तो वास सुटला. हिंमतराव वावरातून आले, दारातच थबकले.

"आज गुलगुले काऊन वं?"

"उत्तमले आवडते नं," वच्छलाबाई कढईतून नजर वर न काढता म्हणाल्या.

"उत्तम्याले? मले तं वाटे..."

"तुमाले काय वाटते! पोट्टं तुमी वाढवलं का म्या वाढवलं?"

हिंमतरावांनी चार गुलगुले घेतले आणि ओसरीवर जाऊन बसले.

एकतीस तारखेला केकची रंगीत तालीम झाली. शालूनं मोठ्या पातेल्यात नदीची रेती घातली, ते मागच्या चुलीवर ठेवलं, रेतीवर गोल बुडाची छोटी कढई आणि कढईत कालवलेलं पीठ. वर झाकण, झाकणावर विस्तव. अकोल्याला हे सगळं कोळशाच्या शेगडीवर व्हायचं. इथे ती पऱ्हाट्या घालत बसली. कपाशीच्या काड्या त्या, भसकन पेटायच्या आणि भसकन विझायच्या. तिचे डोळे चुरचुरले, नाक लाल झालं. केक निघाला तो खाली कोळसा आणि मधे कच्चा लगदा.

वच्छलाबाई ताक घुसळत होत्या. रवी जरा हलकी चालायला लागली. त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं, पण बरं जास्त वाटलं. आता ही रडेल, पदर डोळ्यांना लावेल आणि शेवटी शिरा करून मोकळी होईल.

शालू रडली नाही. काळे हात घेऊन समोर येऊन उभी राहिली.

"बाई, हा विस्तव माझं ऐकत नाही. तुम्ही लावून द्या ना. तुमच्या हातात आहे तो."

नाही म्हणायचं तरी कसं? वच्छलाबाई उठल्या, ते मनात काहीतरी धरूनच. थोडा जाळ जास्त केला की झालं. कोणाला कळणार होतं? पण चुलीपुढे बसल्या आणि हात आपलं काम करायला लागले. इतक्या वर्षांचे हात ते, त्यांना वाईट विस्तव लावताच येईना. पऱ्हाट्या त्यांनी बाजूला सारल्या, गोवऱ्या रचल्या, भडका उडू दिला, ओसरू दिला, लाल निखारा झाल्यावर पातेलं चढवलं. झाकणावर निखारे पसरले ते काठाला जास्त, मधे कमी. सगळं करून झाल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला. दुसऱ्याच्या घरचं लग्न आणि आपण मांडव घालतोय, असं काहीतरी वाटत राहिलं.

एक जूनला सकाळीही विस्तव त्यांनीच लावला, आणि केक निघाला तो फुललेला, लालसर, बोट लावलं तर पुन्हा वर येणारा. शालूनं तो ताटात उपडा केला, वरून गुळाचा पाक चोपडला, खसखस भुरभुरली. केकच्याच एका तुकड्याचं शेपूट कापून पाकानं डकवलं. थोडं वाकडंही केलं, मनकर्णाबाईंच्या घाईतलं वाटावं इतकं वाकडं. आणि ती तर मनकर्णाबाईंच्या घाईबद्दल काही जाणतही नव्हती! परातीएवढ्या ताटात एक भला थोरला गुलगुला बसलेला. वच्छलाबाईंनी तो चारही बाजूंनी बघितला. कुरूप झाला असता तर किती बरं झालं असतं. मेलीचे हात देखणे होते.

दुपारी शालू न्हायला गेली तशा वच्छलाबाईंनी कणीक मळली. घट्ट, तुपाचा हात लावून. गुळाचा चांगला मोठा खडा घेतला. चुलीतली राख अजून तापलेली होती, कालच्या आणि आजच्या गोवऱ्यांची दमदार राख. गोळा त्यांनी नेहमीच्या जागी पुरला, उजव्या कोपऱ्यात, आणि वरून दोन निखारे ओढले. उत्तम गुलगुल्याला तोंड लावणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नाक मुरडेल, काहीतरी कारण काढेल, उपाशी पोटी मागच्या अंगणात येईल. आणि मग राखेत काडी घालेल. एवढंच त्यांना पाहिजे होतं. एकदा त्यानं तिच्या पाटावरून उठून माझ्याकडे यावं. मग पुन्हा जन्मभर तिचाच राहू दे.

दुपार कलल्यावर एसटी आली. मनकर्णाबाईंना केक बघायला बोलावलेलं होतं. त्या आधीच येऊन भिंतीला टेकून बसल्या होत्या. हिंमतराव डोक्यावर टोपी घालून बसले होते, केक कापताना टोपी लागते की काय अशा विचारानं. ताटावर शालूनं फडकं झाकलेलं. उत्तम हातपाय धुऊन आला, शर्टाच्या बाह्या सारल्या, वच्छलाबाईंच्या पाया पडला आणि पाटावर बसला.

शालूनं फडकं उचललं. "ओळखा!"

वच्छलाबाई दारात उभ्या होत्या, त्याचा चेहरा नीट दिसेल अशा. तो चेहरा त्यांना पाठ होता. आधी भुवया वर गेल्या. मग नाकपुड्या हलल्या. मग गळ्याची घाटी एकदा खाली-वर झाली. ओकायच्या आधी व्हायची तशीच, इतक्या वर्षांत काही बदललं नव्हतं.

"गुलगुला," तो म्हणाला.

"तुमच्या आवडीचा! मला कोणी सांगितलं असेल, सांगा बघू? बाईंनी!"

उत्तमनं मान वळवली आणि वच्छलाबाईंकडे बघितलं. रागानं नाही बघितलं. नुसतं बघितलं. गोंधळ, विसर, चूकभूल, असं काही त्याच्या नजरेत आलंच नाही. वयनी विसरणार नाही, हे त्याला जितकं माहीत होतं तितकं कोणाला नव्हतं. वच्छलाबाईंनी पदर ओढून घेतला, उगीचच.

तेवढ्यात भिंतीला टेकलेल्या मनकर्णाबाई पुढे सरकल्या. "अवं बाई बाई बाई! हे शेपूट पाह्य! हा तं माह्या हातचा गुलगुला हाय! माहेच गुलगुले असे राह्यत शेपटीचे! माह्या सासूनं कितीकदा बोल लावले त्याच्यावरून. पण उत्तमराव, तुमी माह्या घरचे गुलगुले खाल्ले कवा?"

सगळ्यांनी उत्तमकडे बघितलं. शालूच्या हातातली सुरी तशीच राहिली. वच्छलाबाई दारातून एक पाऊल मागे सरल्या. आता तो सांगणार. पातेलं सांगणार, ओकणं सांगणार, आणि मग सगळे माझ्याकडे वळणार.

उत्तम हसला.

"काकू, तुमचं पातेलं रिकामं झालं होतं नं एकदा? मांजरानं नाही खाल्लं ते. म्या खाल्लं. चोरून. इतके आवडले का एक बी ठेवला नाही."

"अरे माह्या राज्या!" मनकर्णाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणीच आलं. "म्या त्या मांजरीले लाकडानं मारलं रे! मले सांगतलं असतं तं रोज तळून देले असते!"

शालू खुलली. तिनं सुरी दिली. उत्तमनं भली मोठी फोड कापली आणि खाल्ली. घास चावताना त्याचे डोळे एकदा मिटले, घाटी पुन्हा हलली, पण घास खाली गेला. मग दुसरा गेला. मग त्यानं दुसरी फोड घेतली. "लय झकास झाला," तो म्हणाला. "हुबेहूब काकूचा." हिंमतरावांनी टोपी काढून बाजूला ठेवली आणि तेही सरसावून बसले. मनकर्णाबाई आपल्या हातची घाई, आपल्या हातची धार, कोणत्या साली कोणाच्या लग्नात किती तळले ते सांगत सुटल्या. आता ही बाई उद्या पाणी भरायला जाईल तेव्हा विहिरीवरच्या प्रत्येकीला सांगेल, की रेल्वेतल्या उत्तमरावाचं लहानपण माझ्या गुलगुल्यांवर गेलं.

"वयनी, तू बी खाय," उत्तम म्हणाला आणि त्यानं स्वतःच्या हातानं एक तुकडा त्यांना दिला.

वच्छलाबाईंना खावा लागला. तो चांगलाच झाला होता. तोंडात टाकला आणि विरघळला, तळाला कुठे करपला नव्हता, मधे कुठे कच्चा नव्हता. विस्तव त्यांचाच होता ना.

जेवणं होऊन पानं उठल्यावर उत्तम हात धुवायला मागच्या अंगणात आला. वच्छलाबाई चुलीपाशी उभ्या होत्या. त्यानं चूळ भरली, आणखी एकदा भरली, आणि तोंड पुसत उकिडवा बसला. पायाशी पऱ्हाटीची काडी पडली होती.

"वयनी."

"काय."

"ओकलो होतो ते आठोते नं तुले?"

"आठोते."

"मंग काऊन?"

वच्छलाबाईंना काही बनवून सांगता आलं असतं. नाही सांगवलं.

"मले पाहवलं नाही," त्या म्हणाल्या. "तिले रोडगा सांगतला असता तं तिनं तो बी केला असता. माह्यापेक्षा चांगला केला असता. मंग माह्याजोळ काय राह्यलं असतं?"

उत्तम काडीनं जमिनीवर रेघा ओढत राहिला.

"तू येडी हायस," तो शेवटी म्हणाला. आवाज मऊ होता, त्यामुळे जास्त लागला. "तिनं मले इचारलं तवा म्या काऊन नाही सांगतलं? म्हटलं, वयनीच्याच तोंडून समजू दे तिले. तूच दाखवशील, राख कशी, गूळ केवढा. अन् आज तो रोडगा समोर आला असता तं समद्याइसमोर म्या म्हटलं असतं, हा माह्या वयनीचा रोडगा हाय, मी याच्यावर वाढलो. आता काय झालं? मनकर्णाकाकूचं नाव घेऊन बसलो."

त्यानं सवयीनं काडी राखेत घातली. उजव्या कोपऱ्यात. काडी कशाला तरी अडली. त्याला कळलं, आणि त्याला कळल्याचं वच्छलाबाईंना कळलं. मग त्यानं काडी हळूच काढून घेतली आणि वरची राख सारखी केली.

"पोटात जागा नाही, वयनी," तो म्हणाला. "खरंच नाही."

"उत्तम..."

"अहो, आलात का?" आतून शालूनं हाक मारली आणि तो गेला.

वच्छलाबाई खाली बसल्या. त्यांनी हातानंच राख बाजूला केली, चटका लागला तरी केली. रोडगा छान भाजला होता. सगळीकडून सारखा, एक भेगही नाही. त्यांनी तो पदरात घेऊन झटकला आणि तशाच मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

"बाई, गाईला हे थोडं..." शालू पानांतल्या उरल्यासुरल्याचं ताट घेऊन बाहेर आली आणि थांबली. "अय्या! हे काय आहे?"

"रोडगा."

"राखेतला?" शालू समोर येऊन बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेतल्या पोरीसारखी. "किती सुरेख गोल आहे! आणि वास बघा ना. असा मला कधी जमणार! बाई, पुढच्या वर्षी मी दुसरं काहीतरी करीन म्हणत होते, दरवेळी गुलगुलाच काय. हे आवडायचं का हो ह्यांना लहानपणी?"

पुन्हा तो शब्द दातांपर्यंत आला. हो म्हणायचं होतं फक्त. हेही आवडायचं, गुलगुल्यापेक्षाही जास्त, बस इथे, दाखवते तुला, राख अशी, गूळ एवढा. उत्तमनं आत्ताच तर सांगितलं होतं. वच्छलाबाईंनी तोंड उघडलं. शालूचे ते डोळे, ती पाकानं चिकट झालेली नाजूक बोटं, आणि पुढच्या एक जूनला त्या बोटांतून उतरलेला मऊ, देखणा, पांढरी साखर भुरभुरलेला रोडगा, हे सगळं त्यांना एकदमच दिसलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "त्याले नाही आवडत. गाईले केला."

"हो का? बरं झालं सांगितलंत. नाहीतर मी उगीच केला असता."

वच्छलाबाई उठल्या आणि गोठ्याकडे गेल्या. शालू मागून बघत होती, म्हणून थांबता येईना. गव्हाणीच्या काठावर रोडगा ठेवून त्यांनी त्याच्यावर बुक्की मारली. तो मधोमध फुटला, गूळ पाघळून त्यांच्या बोटांवर आला, चटका बसला. गाईनं मान पुढे केली आणि अर्धा रोडगा एका घासात उचलला.

घरात शालू उत्तमला मोठ्या कौतुकानं सांगत होती, बाई बघा किती जीव लावतात, गाईलासुद्धा गूळ भरून रोडगा करतात. वच्छलाबाईंनी उरलेला अर्धा रोडगाही गाईच्या पुढे केला.